केव्हिंगला बॅच नेऊ नका : महाराष्ट्रातल्या ट्रेकिंग संस्थांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण व ट्रेकिंग संस्थांचे पदाधिकारी आणि ट्रेक लीडर यांस,

सप्रेम नमस्कार.

मेघालयाच्या सहलींच्या जाहिरातींत हल्ली जिवंत मुळांचे पूल, डावकीची नदी आणि ‘केव्हिंग’ हे एकाच ओळीत येतं. मॉसमाईसारख्या दिवे लावलेल्या, पायवाट बांधलेल्या गुहेबद्दल आमचं काही म्हणणं नाही. तिकीट काढून तिथे कुणीही जावं. हे पत्र आहे ते सोहरा (चेरापुंजी), मॉसिनराम आणि जैंतिया टेकड्यांमधल्या अंधाऱ्या गुहांबद्दल. तिथे पाण्यातून चालावं लागतं, पोटावर सरपटावं लागतं, कधी रोपवर, म्हणजे दोरावरून, उतरावं लागतं.

आमची मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. अशा गुहेत एका वेळी लीडर धरून सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. चारपेक्षा कमीही नकोत. गुहेतल्या वागणुकीचे बहुतेक नियम या आकड्यापाशी येऊन थांबतात. पंचवीस जणांची बॅच आत शिरली की त्यातला एकही नियम पाळता येत नाही, मग लीडर कितीही शिस्तीचा असो.

सह्याद्री बेसाल्टचा आहे, त्यामुळे चुनखडीत पाण्याने कोरलेल्या कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा आपल्याकडे नाहीत. आपल्याला ठाऊक असतात ती लेणी, किल्ल्यावरची टाकी आणि शिवथरघळीसारख्या घळी. त्यामुळे आपण गुहेत जातो ते ट्रेकच्या सवयी घेऊन. गडावर पन्नास जण गेले, तर फार तर गर्दी होते. गुहेत काय होतं, ते हिशेबानेच पाहू.

समजा बारा मीटरचा सरपटण्याचा पट्टा आहे. एका वेळी एकच माणूस त्यातून जाऊ शकतो आणि नवख्याला साधारण चार मिनिटं लागतात. सहा जणांना चोवीस मिनिटं पुरतात. पंचवीस जणांना शंभर मिनिटं लागतात आणि परत येताना तेवढीच पुन्हा. म्हणजे एका पट्ट्यापायी तीन तास वीस मिनिटं गेली. जो पहिला पलीकडे पोचला, तो दीड तासाहून जास्त वेळ ओल्या कपड्यांत दगडावर बसून आहे. गुहेतलं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. चालताना ते सुखद वाटतं, पण भिजून बसलेल्या माणसाला ते गिळतं. आधी हुडहुडी, मग बोलणं अडखळणं, मग हातातली पकड सैल होणं. आणि अशा माणसाला परत त्याच पट्ट्यातून स्वतःच्या बळावर यायचं असतं. गुहेत पडून लागण्याइतकीच ही थंडीही धोक्याची आहे. आणि ती पुष्कळदा गर्दीतून येते.

चारपेक्षा कमी का नकोत, तेही सांगायला हवं. एकाला लागलं, तर एकजण त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला बाहेर जातात. एकट्याने बाहेर पडायचं नाही, कारण वाटेत तोही पडला तर कुणालाच कळणार नाही. सहा जणांत दोघं अनुभवी असले, एक पुढे आणि एक शेवटी, तर मधल्या चौघांवर लक्ष राहतं.

वेग सगळ्यात हळू माणसाचा. ट्रेकवर हे वाक्य सगळेच बोलतात, पण प्रत्यक्षात काय होतं? पुढचे थांबतात, मागचा धापा टाकत येऊन पोचतो आणि तो पोचल्या पोचल्या पुढचे उठतात. पुढच्यांना दर वेळी विश्रांती मिळते, मागच्याला कधीच नाही. गुहेत शेवटचा माणूस आला की घड्याळ लावा, त्याची पाच मिनिटं झाली की मगच निघा. आणि ‘मला परत जायचंय’ असं कुणी म्हणालं, तर तो विषय तिथेच संपला पाहिजे. समजावणं नाही, चिडवणं नाही, ‘आता थोडंच राहिलंय’ नाही. पंचवीस जणांत हे वाक्य उच्चारायला माणूस लाजतो आणि नको तिथे पुढे रेटला जातो. सहा जणांत तो वेळेवर बोलतो. एक अनुभवी माणूस आणि आणखी एकजण त्याला बाहेर सोडायला जातात. सहा जणांत मग मागे तीनच उरतात, म्हणून सगळेच वळतात.

दिव्यांचं. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे हवेत: दोन हेल्मेटवर, तिसरा खिशात किंवा गळ्यात. सहा तासांची फेरी असेल, तर मुख्य दिवा बारा तास चालेल एवढी बॅटरी हवी. मोबाइलचा टॉर्च हा दिवा धरायचा नाही. तो ओला होतो, हातात धरावा लागतो आणि सरपटताना दोन्ही हात लागतात. हेल्मेट गिर्यारोहणाचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं. हेडटॉर्चचा इलॅस्टिक पट्टा चिखलाने बुळबुळीत होऊन घसरतो, म्हणून हेल्मेटच्या चारही क्लिपांत तो नीट अडकलाय ना ते आत शिरण्याआधी बघा. आता दिव्याचा शिष्टाचार. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायची आपली सवय असते, पण कपाळावर दिवा असताना तसं पाहिलं की त्याचे डोळे दिपतात आणि पुढची दोन-तीन पावलं तो आंधळा चालतो. मान थोडी कलती करा, प्रकाश त्याच्या खांद्यावर पडू द्या आणि मग बोला. एवढी लहानशी गोष्ट, पण केव्हिंग केलेला माणूस यावरून लगेच ओळखू येतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात. जीन्स नको, सुती टीशर्ट नको, दोन्ही पाणी धरून ठेवतात. पटकन सुकणारे कपडे आणि त्यावर पूर्ण बाह्यांची डांगरी. गुडघ्यांना पॅड, हातात रबरी पकडीचे मोजे. बूट खाचांच्या तळाचे गमबूट, तिथले गावकरी वापरतात तसेच. अंगठ्या, कडी बाहेर, घड्याळ खिशात.

आता गुहेबद्दल. छतातून लोंबणारे लवणस्तंभ अनेक ठिकाणी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके, कधी त्याहूनही हळू वाढतात. त्या हिशेबाने बोटभर लांबीचा स्तंभ म्हणजे सात-आठशे वर्षं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजपर्यंत. नळीसारखे पोकळ स्तंभ तर पेन्सिलीपेक्षा बारीक असतात आणि हेल्मेटच्या नुसत्या धक्क्याने तुटतात. इथे नुकसान कुणी मुद्दाम करत नाही. माणूस वाकून चालत असतो, दमलेला असतो, डोकं वर करतो आणि टक्कन आवाज येतो. यावर उपाय एकच. पुढचा माणूस नाजूक जागेपाशी थांबतो, तिच्यावर प्रकाश टाकतो, ‘डोक्यावर आहे’ असं म्हणतो आणि मागचा सुखरूप पार झाला की मगच पुढे सरकतो. मग तो दुसरा तिसऱ्यासाठी थांबतो. सहा जणांत ही साखळी टिकते. पंचवीस जणांत आठव्या-दहाव्या माणसाशी ती तुटते.

स्पर्श अजिबात नाही, एका बोटाचाही नाही. कातडीवरच्या तेलाने पृष्ठभागावर थर बसतो आणि पाण्यातला चुना तिथे पूर्वीसारखा धरत नाही. मोज्याचा चिखल लागला आणि तो वेळीच निघाला नाही, तर त्यावरून चुन्याचा नवा थर चढतो आणि डाग कायमचा आत बंद होतो. चुकून लागलाच, तर त्याच गुहेतलं स्वच्छ पाणी आणि मऊ स्पंज वापरावा, तोही स्थानिक जाणकाराला विचारून. साबण नको, ब्रश घासणं नको. जमिनीकडेही लक्ष हवं. पातळ बांध असलेली पाण्याची उथळ कुंडं, त्यांतले गोल खडे, सुकलेल्या चिखलाला पडलेल्या भेगा, हे सगळं पायाखाली येतं. एकामागोमाग एक, पुढच्याच्याच पावलावर पाऊल ठेवून चालायचं. सहा जणांची एक रेघ उमटते, पंचवीस जणांचा रस्ता होतो. खुणेसाठी रंग, खडू, कोळसा काहीही नको. चौफुलीवर प्रत्येकाने मागे वळून पाहायचं, कारण येतानाची वाट उलट दिशेने ओळखू येत नाही. खूण लागणारच असेल, तर चमकणाऱ्या पट्ट्या मोजून न्याव्यात आणि मोजून परत आणाव्यात.

गुहेतल्या थेंबांनी काय साठवून ठेवलेलं असतं, याचं एक उदाहरण आपल्या देशातलंच आहे. सोहऱ्याजवळच्या क्रेम मॉम्लूह या गुहेतल्या एका लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची नोंद सापडली. त्या पुराव्यावरून २०१८ साली पृथ्वीच्या इतिहासातल्या सर्वांत अलीकडच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. खासी भाषेत क्रेम म्हणजे गुहा. आठवण म्हणून खिशात टाकलेला तुकडा हे त्याच दप्तरातलं फाडलेलं पान असतं.

वटवाघळांबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला हवं, कारण त्यांतलं एक दुर्मीळ वटवाघूळ आपल्या अगदी शेजारचं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राहणारं राउटनचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला ठाऊक झालं. पुढे कित्येक दशकं ही गुहा हाच त्याचा एकमेव माहीत असलेला ठिकाणा होता. नंतर ते कंबोडियात आणि मेघालयातही आढळलं. त्याला वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे आणि ती गुहा भीमगड अभयारण्यात येते. बेळगाव-गोव्याच्या वाटेवरच्या ट्रेकमध्ये ‘जाता जाता पाहू’ अशी ती जागा नाही. वनखात्याची परवानगी आणि वटवाघळांचा अभ्यास करणारं कुणी सोबत नसेल, तर तिथे जाऊच नका.

इतर कुठेही वटवाघळं दिसली की आवाज कुजबुजीवर आणायचा, दिवा मंद करून खाली वळवायचा, फ्लॅश मारायचा नाही आणि त्यांच्याखाली थांबायचं नाही. ती चुळबुळू लागली, पंख उघडझाप करू लागली, की तिथून निघायचं. पिल्लांच्या काळात माद्या बिथरल्या, तर पिल्लं खाली पडतात आणि पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा मरतं. हे लिहिताना आम्हाला एक गोष्ट स्पष्ट मांडावी लागते. गडावर आपण शिवरायांचा जयघोष करतो, तो आपल्या मनातला मानबिंदू आहे. पण गुहेत घोषणा नकोत, शिट्ट्या नकोत, गाणी नकोत. मशाल तर मुळीच नको. तिच्या धुराने भिंती काळवंडतात आणि कोंदट जागेत श्वास घेणंही जड होतं. बॅनर धरून काढायचा गटाचा फोटो बाहेर तोंडापाशी काढा. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडत असेल, तर एन-९५ मास्क लावा, कारण त्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. मेहनत न करता धाप लागू लागली, डोकं दुखू लागलं, तर हवा खराब आहे असं समजून तडक वळा.

एका गुहेतला चिखल दुसऱ्या गुहेत न्यायचा नाही. उत्तर अमेरिकेत २००६ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली आणि त्या रोगाने तिथे पुढे लाखो वटवाघळं मेली. ती बुरशी माणसाच्या कपड्यांवरून आणि सामानावरूनही पसरू शकते, म्हणून तिथले केव्हर कपडे ५५ अंशांच्या पाण्यात निदान वीस मिनिटं बुडवून ठेवतात. परदेशातल्या गुहांत वापरलेले बूट, हार्नेस (रोपला अडकवायचे कमरेचे पट्टे), डांगरी मेघालयात आणूच नका. इथल्या इथेही एका गुहेतून दुसरीत जाताना सगळं धुऊन, कडकडीत वाळवून न्या.

आता ज्याबद्दल जाहिरातीत कुणी लिहीत नाही ते. पंचवीस जण सहा तास आत असले आणि प्रत्येकाने अर्धा लिटर लघवी केली, तरी साडेबारा लिटर होते. गुहेत ऊन नाही, पाऊस नाही. जे आत पडतं ते तिथेच कुजतं, नाहीतर पाण्याबरोबर खालच्या गावाच्या झऱ्यात उतरतं. त्याच झऱ्यावर बायका हंडे भरतात. म्हणून प्रत्येकाकडे रुंद तोंडाची एक लिटरची बाटली हवी. तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे अंधारात ती पाण्याची बाटली समजून कुणी तोंडाला लावणार नाही. शौचासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि आत दोन जाड पिशव्या. सहा जणांना हे सांगता येतं आणि ते करतातही. बॅचमध्ये लोक लाजून पाणीच पीत नाहीत आणि मग पायात गोळे येतात.

खाऊही विचार करून निवडा. चिवडा, भडंग, फरसाण आत नकोच. ते सांडणारच आणि सांडलेल्या शेव-चुरमुऱ्यांवर दोन दिवसांत बुरशीचे पांढरे झुपके उभे राहतात. अन्नाच्या दुष्काळात जगायला सरावलेल्या तिथल्या आंधळ्या किड्यांचं सगळं गणित त्याने बिघडतं. खजूर, शेंगदाण्याचे लाडू, चीजचे तुकडे डब्यात न्या आणि डबा उघडाल तो पिशवी पसरून तिच्यावरच. बिया बाहेर परत.

जैंतिया टेकड्यांतल्या उम लाडॉ गुहेत हातभर लांबीचे आंधळे, फिकट मासे राहतात. जगातल्या गुहेत राहणाऱ्या माशांत ते सर्वांत मोठे. पाण्यात उतरण्याआधी मच्छर पळवायचं मलम, सनस्क्रीन, डोक्याचं तेल अंगावर नको. पंचवीस जणांच्या अंगावरून ते एकाच डबक्यात उतरतं.

गावाशी कसं वागायचं, हा खरं तर सगळ्यात आधीचा मुद्दा. मेघालयात जमिनी बहुतांशी गावाच्या किंवा कुळाच्या मालकीच्या असतात. गुहेचं तोंड कुणाच्या तरी सुपारीच्या बागेत असतं. खासी गावात मुखियाला रंगबाह श्नोंग म्हणतात, जैंतिया भागात वाहेह श्नोंग, गारो टेकड्यांत नोकमा. परवानगी त्यांच्याकडून आणि आधीच घ्यायची. गाड्या दारात उभ्या करून नव्हे. रविवार टाळा. बहुतेक गावं ख्रिस्ती आहेत आणि सकाळी सगळे चर्चमध्ये असतात. गावाने ठरवलेली रक्कम गावाच्या निधीत द्या, वाटाड्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या आणि घासाघीस करू नका. बाहेर आल्यावर रस्त्यावर कपडे बदलू नका. चिखलाची डांगरी पिण्याच्या पाण्याच्या खालच्या अंगाला धुवा. पवित्र राईतून काडीही उचलायची नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. देवराईतलं लाकूड घरी न्यायचं नाही हे कोकणातल्या पोरालाही कळतं. एका बेपर्वा गटामुळे गावाने गुहेला कुलूप लावलं, तर ते सगळ्यांनाच लागतं. म्हणूनच नाजूक गुहांचे नकाशातले बिंदू समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटो टाका, जागा टाकू नका.

आता सुरक्षिततेचा कागद. आत जाण्याआधी बाहेर राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे एक कागद द्यायचा. गुहेचं नाव आणि तोंडाची जागा, आत जाणाऱ्यांची नावं, आत शिरण्याची वेळ, बाहेर येण्याची अपेक्षित वेळ, आणि ज्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची ती वेळ. समजा नऊला आत, तीनला बाहेर, पाचला इशारा. पाच वाजून एक मिनिटाला त्या माणसाने थांबायचं नाही, फोन लावायचा. कुणाला लावायचा, ते नंबर कागदावरच हवेत. तो माणूस नेटवर्क असलेल्या जागी हवा. ड्रायव्हर चालेल, पण तो झोपणार नाही आणि गाडी घेऊन दुसऱ्या गटाला आणायला जाणार नाही हे ठरलेलं हवं. बाहेर पडल्यावर पहिलं काम त्याला कळवणं. चहा, फोटो, कपडे त्यानंतर. ठरल्यापेक्षा दोन तास कमी फिरलात तरी चालेल, पण ‘अजून एक दालन बघू’ म्हणत ती वेळ ओलांडायची नाही.

हा कागद आपल्याला ब्रिटनपेक्षाही जास्त लागतो. तिथे यॉर्कशरमध्ये १९३५ पासून गुहेतल्या बचावाची स्वयंसेवी संस्था आहे आणि आज अशा पथकांचं जाळंच आहे. तरीही २०२१ च्या नोव्हेंबरात वेल्समधल्या ओगोफ फिनन डी या गुहेत पडलेल्या एका अनुभवी केव्हरला बाहेर काढायला ५४ तास आणि अडीचशेहून जास्त माणसं लागली. जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत २०१४ साली हजार मीटर खोल जखमी झालेला माणूस अकरा दिवसांनी वर आला आणि त्यासाठी सातशेहून अधिक लोक राबले. आपल्याकडे असं जाळं नाही. आत मोडलेला पाय ही मेघालयात पुष्कळ दिवसांची मोहीम असेल आणि पहिले काही तास तुमच्याच सहा जणांच्या हातात असतील. म्हणून प्रत्येक गटाच्या बॅगेत प्लास्टिकची एक मोठी जाड पिशवी, फॉइलचं पांघरूण, दोन मेणबत्त्या, कोरडी लोकरी टोपी, पट्ट्या आणि पेन्सिल-कागद हवाच. जखमीला पिशवीवर बसवायचं, वरून पांघरूण घालायचं, दोघांनी त्याला बिलगून बसायचं. बसण्याची जागा पाण्यापासून उंच हवी.

पाणी. गुहेत पूर आणायला गुहेवर पाऊस पडावा लागत नाही. पाच-सात किलोमीटरवरच्या डोंगरावर पडलेला पुरतो. पाणी गढूळ होणं, प्रवाहाचा आवाज वाढणं, पानं-काटक्या वाहत येणं, वाऱ्याचा झोत बदलणं, यांतलं काहीही जाणवलं की सामान सोडून उंच जागा गाठायची. छताला चिकटलेली पानं आणि वाळलेला फेस दिसला, तर पुराचं पाणी तिथवर चढतं, हे ओळखायचं. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. मार्चच्या शेवटाला वादळी पाऊस सुरू होतात आणि त्यानंतर पाण्याच्या गुहा बंद समजा. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ ला शिरलेली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पावसाने अडकले. नऊ दिवसांनी ते सापडले, तेही ब्रिटनहून आलेल्या हौशी केव्ह डायव्हरांना. शेवटचा गट १० जुलैला बाहेर आला. पाणी उपसण्याच्या कामात मदतीला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. बचावात थाई नौदलाच्या एका माजी पाणबुड्याचा जीव गेला. आत शिरले ते पावसाच्या तोंडावर शिरले, एवढीच चूक होती.

रोपबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पावसाळ्यात आपल्या संस्था धबधब्यांवर रॅपलिंगचे कार्यक्रम घेतात, हजारो लोक उतरतात आणि त्यातून एक चुकीचा समज घट्ट होतो. धबधब्यावर माणूस खाली उतरतो आणि पायवाटेने घरी जातो. गुहेत उतरलेला माणूस त्याच रोपवरून वर चढतो. उतरता येतं म्हणजे चढता येतं असं नाही. वीस मीटर जुमारिंग (पकडीच्या साधनांनी रोपवरून वर चढणं) करायला नवख्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, दमलेल्या आणि भिजलेल्याला त्याच्या दुप्पट. मध्येच हात गळाले आणि तो हार्नेसमध्ये निश्चल लटकला, तर पायांत रक्त साठून अर्ध्या तासाच्या आत शुद्ध जाऊ शकते. त्याला वरून ओढून किंवा खाली उतरवून सोडवणं हे लीडरला त्याच मिनिटाला करता आलं पाहिजे. जो माणूस जमिनीवर, मोकळ्या उजेडात, एका दमात तीस मीटर चढू शकत नाही आणि चढता चढता साधनं बदलून उलट उतरू शकत नाही, त्याला रोपच्या गुहेत नेऊ नका. पैसे परत द्या, पण नेऊ नका. रोपवर पाय द्यायचा नाही. रोपच्या टोकाला गाठ हवीच. रोपखाली कुणी उभं राहायचं नाही. वर पोचलेला माणूस कडेपासून मागे सरकून, स्वतःला अँकरला (रोप बांधलेल्या पक्क्या जागेला) लावून झाल्यावरच ‘रोप मोकळा’ म्हणेल. दगड सुटला तर ‘दगड!’ एवढाच शब्द, मोठ्याने, आणि खालच्यांनी वर पाहायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

सहा जणांत परवडत नाही, असं तुम्ही म्हणाल. विमान, गाडी, मुक्काम यांचा खर्च वीस जणांवर वाटला जातो, हे आम्हाला कळतं. मग वीस जण न्या, पण गुहेत वीस नका नेऊ. एक गट सकाळी एका गुहेत, दुसरा दुसऱ्या गावच्या गुहेत, उरलेले त्या दिवशी पुलांकडे किंवा मॉसमाईला. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. त्यासाठी लीडर जास्त लागतील आणि प्रत्येकी खर्च वाढेल. तो जाहिरातीत लिहा आणि का वाढला तेही लिहा. आपल्या लोकांनी गडावर प्लॅस्टिक वेचायला रविवार दिले आहेत, ते हेही समजून घेतील.

नोव्हेंबरच्या हंगामाआधी नोंदणी केलेल्यांना एकदा हॉलवर बोलवा. प्लायवूडच्या दोन फळ्या घ्या, चार फूट बाय दोन फूट. एक जमिनीवर, दुसरी तिच्यावर चार कोपऱ्यांत लाकडी ठोकळे ठेवून. वरची फळी बोल्टने आवळू नका, नुसती टेकवा, म्हणजे कुणी घाबरला तर दोघांनी उचलून बाजूला करता येते. उंची ३५ सेंटिमीटरपासून सुरू करा आणि दोन-दोनने कमी करत २५ पर्यंत या. हेल्मेट घालून, एक हात पुढे, एक अंगासरशी, श्वास सोडून सरकायचं. कोण हसत बाहेर येतो आणि कोण पांढरा पडतो, हे अर्ध्या तासात दिसेल. जो पांढरा पडला त्याला तिथेच, चारचौघांत न बोलता, बाजूला घेऊन मॉसमाईचा पर्याय द्या. यादी त्यानंतर करा.

आपले,
केव्हिंग करणारे काही सहकारी